समृद्धी ते माळरान: एका पिकअपच्या टायरनिवडीच्या नोंदी, 2025

6 एप्रिल 2025

गाडी: दुहेरी केबिनचा 4x4 डिझेल पिकअप, मालवाहू वर्गात नोंदलेला. दारावरच्या पट्टीवर टायरचं माप 245/70 R16, म्हणजे रुंदी 245 मिमी, भिंतीची (बाजूची) उंची रुंदीच्या 70 टक्के, रिम 16 इंची. काम वन्यजीव पाहणीचं: कॅमेरा ट्रॅप लावणं-काढणं, पाणवठ्यांच्या खेपा, माळरानावरच्या काळवीट-लांडग्यांच्या नोंदी. मुक्काम जालना. रस्ते दोन टोकांचे. एकीकडे समृद्धी महामार्ग, धुळे-सोलापूरचा 52 आणि तुळजापूर-लातूर-नांदेडचा 361, म्हणजे तासन् तास एकाच वेगाने पळणं. दुसरीकडे गौताळ्याच्या आजूबाजूचे डोंगररस्ते, बालाघाटाचं बरड, पाटोद्याकडची मुरमाड आणि जिकडेतिकडे पांदण.

असल्या गाडीच्या टायरवर इंटरनेटवर ढीगभर सल्ला आहे. बराचसा अमेरिकेतल्या शिकारीच्या गाड्यांसाठी लिहिलेला. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, तो भाग सोडून देऊ. पण त्या सल्ल्यात गृहीत धरलेली जमीनही आपली नाही. तिथे बर्फ आणि चिखल आहे. इथे ऊन, काटे, खुंट आणि काळी माती. म्हणून निवडीचे निकष आधी इथल्या जमिनीवरून ठरवायचे, टायरचं नाव शेवटी.

13 एप्रिल

वजन. टायरचं बोलणं इथून सुरू व्हायला हवं, पण बहुतेक लोक नक्षीपासून सुरू करतात.

जिनिंगच्या वजनकाट्यावर गाडी पूर्ण भरून तीनदा नेली: पाच माणसं, शंभर लिटर पाणी, कॅमेऱ्यांच्या पेट्या, तंबू, जॅक, स्टेपनी. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं.

पुढचा अ‍ॅक्सल 1180 किलो, मागचा 1440, एकूण 2620.

म्हणजे मागच्या एका टायरवर 720 किलो, पुढच्या एकावर 590. यावर 15 टक्के वाढीव धरायचे, कारण सामान कधीच मधोमध बसत नाही आणि घाटाच्या वळणावर बाहेरच्या चाकावर जास्त भार येतो. हिशेबाला मागे 830, पुढे 680.

काट्यावर जाताना पुढची-मागची जमीन सपाट हवी. उतारावर एक अ‍ॅक्सल मोजला तर भार दुसऱ्याकडे सरकलेला असतो आणि आकडा फसवतो.

27 एप्रिल

जुने टायर रिमवरून उतरवून आतून पाहिले. हे हायवे टेरेन, म्हणजे एचटी. बाहेरून बरे दिसत होते, नक्षी 4 मिमी शिल्लक. कायद्याने 1.6 मिमीपर्यंत चालतं, तेवढ्या उंचीवर खाचांमध्ये झिजेच्या खुणेची पट्टी असते.

आतलं चित्र वेगळं. मागच्या डाव्या टायरच्या आत काळी भुकटी. भिंतीच्या आतल्या बाजूला गोल फिरलेला राखाडी पट्टा. हा टायर कधीतरी कमी हवेत लांब पळालेला आहे: भिंत दुमडत राहिली, आतलं रबर घासून त्याची भुकटी झाली आणि धाग्यांची पकड सैल झाली. असा टायर पंक्चर काढून परत चढवणं म्हणजे महामार्गावर फुटायला पाठवणं. तो सरळ बाद. पंक्चर काढणाऱ्याला भुकटी दिसते, पण तो बोलेलच असं नाही. टायर उतरला की आत स्वतः हात फिरवून बघायचा.

बाकीच्यांत वेड्या बाभळीची टोकं आतल्या थरातून वर आलेली. बाहेर काहीच दिसत नाही, काटा जमिनीलगत मोडलेला असतो आणि आतलं टोक दर फेरीला थोडं थोडं आत सरकतं. दर आठवड्याला दोन-तीन पॉइंट (पीएसआय) हवा का उतरते, याचं उत्तर बहुधा हेच.

एका टायरवर तारखेचा आकडा 1119, म्हणजे 2019 सालचा अकरावा आठवडा. सहा वर्षं झाली. नक्षी असो वा नसो, आपल्या उन्हात सहा वर्षांचं रबर महामार्गावर नको.

12 मे

बुद्धपौर्णिमा, पाणवठ्यांवरची गणना. गाडी दिवसभर उन्हात उभी होती, म्हणून हवेच्या नोंदी घेतल्या.

पहाटे 26 अंशाला सगळ्यांत 35 पॉइंट. दुपारी 42 अंशाला, गाडी न हलवता, सावलीतल्या बाजूला 38 आणि उन्हातल्या बाजूला 40. तापमान 5 ते 6 अंशांनी वाढलं की हवा साधारण 1 पॉइंटने वाढते, हा नियम बरोबर जुळतो. उन्हातल्या बाजूचे वरचे दोन पॉइंट काळ्या रबराने ऊन प्यायल्याचे.

पंपावर दुपारी हवा तपासली की 40 दिसते आणि पोरगा पाच पॉइंट सोडून देतो. पहाटे तोच टायर 30 वर येतो आणि भरलेली गाडी तशीच समृद्धीवर चढते. टायर फुटण्याचं खापर सिमेंटच्या रस्त्यावर फोडलं जातं. पण कमी हवा, जास्त वजन आणि न थांबता पळणं ही तीन एकत्र आली की भिंत प्रत्येक फेरीला जास्त वाकते, वाकण्यातून उष्णता तयार होते आणि तारांचे पट्टे रबरापासून सुटतात. हे डांबरी रस्त्यावरही होतं. तिथे खड्डे, गावं, गतिरोधक मधे येतात आणि टायरला निवायला वेळ मिळतो, एवढाच फरक.

यापुढे हवा फक्त थंड टायरमध्ये, सूर्य वर यायच्या आत, स्वतःच्या गेजने. तापलेल्या टायरमधली हवा सोडायची नाही. नायट्रोजनचा आग्रह नको. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो.

15 जून

पहिल्या पावसानंतर काळ्या रानाची पाहणी. ही नोंद लांबणार, कारण अर्धी निवड इथेच ठरते.

आपल्या काळ्या मातीत चिकणमातीचा अंश फार. पाणी पिऊन ती फुगते, उन्हात आकसून भेगाळते. ओली असताना ती टायरच्या खाचांत जाऊन बसते ती निघतच नाही. चार-पाच फेऱ्यांत कोणताही टायर चारी बाजूंनी गुळगुळीत होतो. एचटी असो, एटी (ऑल टेरेन) असो, नाहीतर मोठ्या ठोकळ्यांचा एमटी (मड टेरेन). एमटीच्या रुंद खाचा चिखल फेकतात हे खरं, पण फेकण्यासाठी चाक जोरात फिरावं लागतं. जोरात फिरलं की वरचा वाळलेला पापुद्रा फाटतो आणि चाक खाली जातं. खाली टणक काही लागेलच, याची भारी जमिनीत खात्री नाही. 'अरुंद टायर चिखल कापून खालच्या कठीण थरावर टेकतो' हा नियम बरडावर चालतो, तिथे हातभर खोलीवर मुरूम असतो. गोदाकाठच्या भारी रानात तो थर कित्येक फूट खाली असतो.

शिवाय चाक आणि मडगार्ड यांच्यात माती भरत जाते. एका टप्प्याला चाक फिरण्याऐवजी घासत सरकतं. टायर जितका मोठा तितकी ही फट कमी, हा मोठ्या टायरचा न सांगितला जाणारा तोटा.

निष्कर्ष: ओल्या काळ्या मातीसाठी टायर विकत मिळत नाही. शेतकरी पाळी घालायला वाफशाची वाट पाहतो, गाडीनेही तीच पाहायची. मातीचा गोळा मुठीत दाबून सोडायचा; भुगा झाला तर जायचं, बोटांना चिकटला तर गाडी मुरमावर ठेवून पायी. यावरून चिखल हा निवडीचा निकष म्हणून खोडला. उरले तीन: उष्णता, भार आणि भिंतीचा टणकपणा.

6 जुलै

नक्षीचा प्रकार.

एमटी बाद. महामार्गावर आवाज करतो, सिमेंटवर ठोकळ्यांच्या कडा लवकर खातो, ओल्या रस्त्यावर ब्रेकचं अंतर वाढवतो. त्याचा एकमेव फायदा चिखलात, आणि तो वर खोडलाय.

एचटी सगळ्यात शांत आणि डिझेल वाचवणारा. पण त्याची भिंत पातळ, आणि फोडलेल्या काळ्या पाषाणाच्या डबरावर नेमकी भिंतच कापते.

राहिला एटी. एटी म्हटलं म्हणून भिंत जाड असतेच असं नाही, इथे फसगत होते. काही एटी हे आतून एचटीच, वरची नक्षी तेवढी आडदांड. भिंतीवर बारीक अक्षरांत थर लिहिलेले असतात: ट्रेडखाली, म्हणजे नक्षीच्या पट्ट्याखाली किती पॉलिस्टर, किती स्टील, आणि भिंतीत किती पॉलिस्टर. भिंतीत 1 थर असेल तर तो आपल्या कामाचा नाही. 2 चालेल, 3 उत्तम.

बाजारात एमआरएफ वाँडरर, अपोलो अ‍ॅप्टेरा, सिएट झार, योकोहामा जिओलँडर, बीएफ गुडरिच या नावांनी एटी मिळतात. प्रत्येक नावात आपलं माप नसतं, आणि माप असलं तरी एलटी (लाइट ट्रक) बांधणी असेलच असं नाही. (वाळूजला टायरचे कारखाने आहेत, तरी जालन्यात हव्या त्या मापाचा एलटी टायर मागवूनच घ्यावा लागतो.)

20 जुलै

माप मोठं करायचं का, यावर गटात दोन मतं. हिशेब मांडला:

245/70 R16 चा व्यास 749 मिमी, हे मूळ माप.
255/70 R16 चा 763, म्हणजे सुमारे 1.9 टक्के मोठा.
245/75 R16 चा 774, 3.3 टक्के.
265/75 R16 चा 804, 7.3 टक्के.

व्यास वाढला की जमिनीपासूनची उंची त्याच्या निम्म्याने वाढते. म्हणजे 265/75 घालून हाती येणार 27 मिमी, जेमतेम दीड बोट. त्याबदल्यात पहिल्या गिअरची ओढ 7 टक्क्यांनी कमी होणार, भरल्या गाडीने औट्रम घाटात क्लच जास्त घासणार, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या पत्र्याला लागणार. स्पीडोमीटर खरा वेग कमी दाखवायला लागेल ते वेगळंच. पट्टीवर नसलेलं माप घातलं तर आरटीओ आणि विमा दोन्हीकडे उत्तरं द्यावी लागतात.

मूळ मापच ठेवायचं ठरलं. 27 मिमीसाठी एवढा पसारा कशाला?

17 ऑगस्ट

साधा की एलटी? माप तेच, आकड्यांची भाषा वेगळी.

साध्या बांधणीचा 245/70 R16 107 या भारांकाचा: 975 किलो. जास्त भाराचा एक्सएल 111: 1090 किलो. एलटी 113/110: एकेरी चाकाला 1150 किलो. आपली गरज 830. कागदावर तिन्ही पास. म्हणून लोक म्हणतात, एलटीचे जादा पैसे का घालायचे?

भारासाठी नाही, भिंतीसाठी. एलटीत भिंतीचे थर जास्त, खांद्यावरचं रबर जाड, नक्षीही खोल.

पण एलटीची एक मेख आहे आणि ती माहीत नसेल तर महागात पडते. भिंतीवरचा 1150 हा आकडा 65 पॉइंट हवेला आहे. 35 ला तोच टायर सुमारे 745 किलोच पेलतो, 40 ला सुमारे 820. साधा टायर मात्र 35 लाच आपल्या पूर्ण भाराजवळ असतो. म्हणजे दारावरच्या पट्टीतली हवा, जी साध्या टायरसाठी लिहिलेली आहे, तीच एलटीत भरली की टायर मजबूत असूनही कमी हवेत पळतो. वरून फुगलेला दिसतो, आतून तापतो. 830 किलोसाठी मागे 42 हवेत. पुढे 680 साठी 36 पुरतात.

वेगाचं अक्षर: एस म्हणजे 180, क्यू म्हणजे 160. समृद्धीवर मालवाहू वर्गाला मर्यादा 80 ची, मोटारींना 120. दोन्ही अक्षरं पुरून उरतात, त्यासाठी पैसे मोजू नयेत.

तोटेही लिहून ठेवायला हवेत. एका टायरमागे चार-सहा किलो वजन जास्त, डिझेल थोडं जास्त, रिकाम्या गाडीत मागचं बूड आदळतं. माळावर काम करणाऱ्या गाडीला हे परवडतं. जी गाडी महिन्यातून एकदाच मुरमावर उतरते तिला नाही. तिने दोन थरांच्या भिंतीचा एक्सएल एटी घ्यावा आणि गप्प बसावं.

4 सप्टेंबर

काल जीएसटीचे नवे दर जाहीर झाले. नव्या टायरवर 28 ऐवजी 18 टक्के, 22 तारखेपासून. मूळ किंमत 10,000 धरली तर 12,800 चा टायर 11,800 ला. पाच टायर घ्यायचे आहेत, तीन आठवडे थांबणं परवडतं. मागणी नोंदवली, बिल 22 नंतरचं.

पाचच का? 4x4 गाडीत स्टेपनी वेगळ्या व्यासाची असली आणि मुरमावर 4H (चारही चाकांना जोर देणारा गिअर) लावून चालवायची वेळ आली, तर दोन अ‍ॅक्सल वेगवेगळ्या फेऱ्या मागतात आणि ट्रान्सफर केसवर (पुढे-मागे जोर वाटणाऱ्या पेटीवर) पीळ बसतो. स्टेपनी फिरवत ठेवली तर पाचही सारखे झिजतात.

27 सप्टेंबर

बसवणी. अतिवृष्टीमुळे माल उशिरा आला.

दुकानात उतरवून घेताना पाहिलं ते: तारखेचा आकडा पाचही टायरवर 2025 चा, एकमेकांपासून चार आठवड्यांच्या आत. आयएसआय खूण आहे. 113/110 आहे, भिंतीत 3 थर लिहिलेत. नक्षी खोलीमापकाने 12 मिमी.

बसवताना: रिमची कड तारेच्या ब्रशने साफ केली. जुनं गंजाचं पापुद्रं राहिलं तर तिथून हवा झिरपते आणि खापर टायरवर फुटतं. व्हॉल्व्ह पाचही नवे. दहा-वीस रुपयांचं रबर वाचवण्यात अर्थ नाही. बॅलन्सिंगला आतल्या बाजूचे चिकट शिसे स्पिरिटने पुसल्यावरच लावले, नाहीतर पहिल्या चिखलात पडतात.

नट इम्पॅक्ट गनने घट्ट करू दिले नाहीत. आधी हाताने, मग टॉर्क रेंचने चांदणीच्या क्रमाने, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याला. शंभर किमी पळाल्यावर पुन्हा तपासायचे, दोन-तीन नट तरी थोडे फिरतातच. नंतर अलाइनमेंट, मागे नेहमीचं वजन ठेवून; रिकाम्या गाडीवर केलेली टो (चाकांचा आत-बाहेरचा कल) भरल्या गाडीत बदलते.

पहिले तीनशे-चारशे किमी नरमाईने. नव्या रबरावर साच्यातलं तेलकट आवरण असतं, ओल्या रस्त्यावर ब्रेक जपून.

12 ऑक्टोबर

सोयाबीन निघालं, रानं मोकळी झाली आणि काट्यांपेक्षा वाईट हंगाम सुरू झाला. सोयाबीनचा खुंट विळ्याने तिरपा कापलेला असतो. जमिनीतून वीतभरही वर नसतो, पण वाळल्यावर टोक खिळ्यासारखं. पुढे पौष-माघात तुरीचे आणि पऱ्हाटीचे खुंट येतील, ते अंगठ्याएवढे जाड असतात. शक्यतो धुऱ्याच्या कडेने, जुन्या चाकोरीतून जायचं. चाकोरीतले खुंट आधीच ट्रॅक्टरने मोडलेले असतात.

इथे हवेचा नियम उलटा होतो. पुस्तकं सांगतात, मैदानात उतरलं की हवा कमी करा. मुरमावर, डबरावर ते बरोबर: 28 ला टायर दगडावर लवतो, आदळत नाही, आणि रिमही वाचते. पण हवा कमी केली की भिंत फुगून ट्रेडच्या बाहेर येते, आणि खुंटाला नेमकी तीच हवी असते. म्हणून खुंटांच्या रानात 34 च्या खाली नाही. ठरलेले आकडे, सगळे थंड टायरचे:

महामार्ग, भरलेली गाडी: पुढे 36, मागे 42. रिकामी: 36, 36.
मुरूम आणि दगड: 28, वेग 40 च्या आत.
खुंटाचं रान: 34, चालत्या माणसाच्या वेगाने.

28 वरून 42 वर यायला बॅटरीला थेट चिमटे लावायचा कंप्रेसर एका टायरला तीन-चार मिनिटं घेतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा घेऊ नये, फ्यूज जातो. हवा भरल्याशिवाय डांबरीवर चढायचं नाही, दहा किमीच आहेत असं म्हणूनसुद्धा नाही.

9 नोव्हेंबर

महामार्गावर साठ-सत्तरच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं अशी तक्रार. बॅलन्सिंग बिघडलेलं नाही. उजव्या पुढच्या रिमच्या आतल्या घेरात काळ्या मातीचं ढेकूळ वाळून दगड झालेलं, वजन 100 ग्रॅमच्या आसपास. एवढं ढेकूळ 80 च्या वेगाला प्रत्येक फेरीला सुमारे 7 किलोचा झटका देतं. लाकडी खुंटीने खरवडून काढलं, पाण्याने धुतलं, थरथर गेली. स्क्रूड्रायव्हरने खरवडू नये, चिकट शिसे उचकटतात.

त्याच वेळी खाचांत अडकलेली खडी काढली. टोकदार खडी तशीच राहिली तर महामार्गावर दर फेरीला आत ढकलली जाते आणि तारांपर्यंत भोक पाडते. रान सोडून डांबरीवर चढायच्या आधी, कंप्रेसर चालू असतो तेवढ्या वेळात हे काम होतं.

पंक्चरची पेटी: टोच्या, दोरीच्या पट्ट्या, लांब नाकाची पक्कड, साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली, जादा व्हॉल्व्हपिन. ट्रेडमधल्या भोकात दोरी चालते, पण मुक्कामी आल्यावर टायर उतरवून आतून मशरूम पॅच लावायचा. भिंतीतल्या भोकाला दोरी फक्त गावापर्यंत पोचण्यापुरती, 40 च्या वेगाने. मग तो टायर महामार्गाला नाही. भिंतीत काटा दिसला आणि साबणाचा बुडबुडा येत नसेल तर रानात उपटायचा नाही, तोच बूच असतो.

टायरमध्ये ओतायचं जेल घेतलं नाही. बैलगाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकाला ठीक. महामार्गावर ते एका बाजूला साचून बॅलन्स बिघडवतं, आणि पॅच लावायच्या वेळी पंक्चरवाला शिव्या घालतो.

7 डिसेंबर

खोलीमापकाची नोंद, प्रत्येक टायरवर तीन जागी. पुढचे 11.5, 11.5, 11.4. मागचे मध्यभागी 11.2, कडांना 11.5. मध्य जास्त झिजतोय म्हणजे मागे रिकाम्या गाडीतही 42 हवा राहते. सामान उतरवलं की 36 वर आणायची पाटी टेलगेटच्या आतून चिकटवली.

पहिली अदलाबदल 8000 किमीला, स्टेपनीसह: स्टेपनी मागे उजवीकडे, मागचे दोन्ही सरळ पुढे, पुढचा उजवा मागे डावीकडे, पुढचा डावा स्टेपनीला. त्याआधी अलाइनमेंट पुन्हा. तुरीची रानं मोकळी होण्याआधी दोरीच्या पट्ट्यांचं नवं पाकीट आणि पक्कड आणायची आहे.